एक तृतीयांश गाय

जून 2023 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात, अरांदू इथे झालेल्या लिलावात एका गाईचा तिसरा हिस्सा 69 लाख 90 हजार रेआलला विकला गेला. गाईचं नाव वियाटिना-19, जात नेलोर. पांढरीशुभ्र, भरदार वशिंडाची, लोंबत्या पोळीची. वजन अकराशे किलोच्या घरात, म्हणजे तिच्या जातीच्या सर्वसाधारण गाईच्या जवळजवळ दुप्पट. तिसऱ्या हिश्शाच्या रकमेला तिनानं गुणलं की 2 कोटी 9 लाख 70 हजार रेआल होतात, आपल्या पैशात तेव्हाचे साधारण 35 कोटी रुपये. लिलावात विकलेली सगळ्यात महाग गाय म्हणून गिनीज बुकात तिचं नाव लागलं, आणि आपल्याकडच्या बातम्यांत येईतो ती ‘40 कोटींची गाय’ झाली.

हे 35 कोटी मात्र कुणी मोजले नाहीत. मोजली गेली ती एका हिश्शाची किंमत, उरलेले दोन हिस्से हा गुणाकार आहे. त्यात ब्राझीलच्या अव्वल जनावरांच्या लिलावांत बोली सहसा हप्त्यांची असते, तीस-तीस हप्त्यांची. जाहीर झालेला आकडा आणि त्या दिवशी हातात पडलेला पैसा यांत त्यामुळे बरंच अंतर पडतं. तरीही हा सौदा झाला, हे महत्त्वाचं. आपल्याकडे कृषिप्रदर्शनांत कोटींचे रेडे येतात, तेव्हा सौदा नसतोच. हरियाणाच्या ‘अनमोल’ रेड्याची 23 कोटी ही 2024 मध्ये गाजलेली किंमत म्हणजे कुणी दिलेला पैसा नव्हता, बोललेला आकडा होता. जनावरांच्या भावाबद्दल काही वाचताना हा पहिला प्रश्न विचारावा: पैसे दिले कुणी, कशाचे, आणि किती हिश्शाचे?

वियाटिनाच्या बाबतीत ‘कशाचे’ याचं उत्तर मांस हे नाही. तेवढ्या वजनाच्या गाईचं मांस विकून फार तर काही हजार डॉलर येतील. दूधही नाही. विकत घेतली जातात ती तिची बीजांडं. अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर अंडाशय बघत पशुवैद्य लांब सुई आत घालतो, पिकत आलेल्या बीजकोशांतलं पाणी ओढून घेतो, आणि त्या पाण्यातून सूक्ष्मदर्शकाखाली बीजांडं वेचली जातात. प्रयोगशाळेत निवडक वळूच्या रेताशी त्यांचं मीलन होतं, सातव्या दिवशी तयार झालेला भ्रूण एखाद्या साध्या, नाव नसलेल्या गाईच्या कुशीत ठेवतात. दावणीला बांधलेली गाय वर्षाला एक वासरू देते. या वाटेनं तीच गाय वर्षाला डझनावारी वासरांची आई होते, स्वतः एकदाही न विता. वशिंडाच्या जाती इथे युरोपी जातींपेक्षा उजव्या ठरतात, कारण एका वेळेला त्यांच्यातून मिळणारी बीजांडं दुपटीहून जास्त भरतात. वियाटिनाची बीजांडं घेण्याच्या एका संधीला अडीच लाख डॉलरच्या आसपास पडतात, असं तिच्या मालकांपैकी एकानं पत्रकारांना सांगितलं होतं. तिच्याभोवती हत्यारी पहारा आणि कॅमेरे आहेत ते म्हणून.

नेलोर हे नाव आपल्या आंध्रातल्या नेल्लोरचं. ही मूळची ओंगोल गाय. 1868 मध्ये इंग्लंडकडे निघालेलं एक जहाज बाहिया प्रांतातल्या साल्वादोर बंदरात थांबलं आणि त्यावरची ओंगोल जोडी तिथेच विकली गेली, अशी या जातीच्या ब्राझीलमधल्या इतिहासाची सुरुवात सांगतात. दहा वर्षांनी रिओच्या एका पैदासकारानं जर्मनीत हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातून आणखी एक जोडी नेली. शेवटची मोठी आयात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीची. त्यात कार्वादी नावाचा वळू होता. आजच्या ब्राझिली नेलोरच्या वंशावळ्या चाळल्या तर हे नाव पुन्हा पुन्हा भेटतं. गीरही याच वाटेनं गेली, आणि कांकरेज तिकडे ‘गुझेरा’ झाली. अमेरिकेतल्या ब्राह्मन जातीच्या पायात तर आपल्या कृष्णाकाठच्या बैलांचंही रक्त आहे. सांगली-मिरजेच्या काळ्या चिकट रानात नांगर ओढायला वाढवलेली ती धिप्पाड जात आज आपल्याच भागात शोधावी लागते.

भारतात मांसाच्या गुरांचा हा बाजार उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, गाईंवर त्याआधीपासूनच होती. ब्राझीलनं ओढकामाच्या गुरांतून मांसाचा उद्योग उभा केला तो रक्ताच्या जोरावर जितका, तितकाच नोंदवह्यांच्या जोरावर. कुणाचं वासरू कुठल्या वयात किती भरलं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलं म्हणून.

या नोंदवह्यांचं आजचं रूप बघायचं तर अमेरिकेतल्या अँगस या मांसाच्या जातीच्या वळूंच्या एखाद्या लिलावाची पुस्तिका उघडावी. एका वळूला अर्धं पान. वर नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली बाप, आजा, पणजा, आणि त्याखाली आकड्यांची पट्टी: वासरू अडल्याशिवाय होण्याची शक्यता, जन्मवजन, दूध तोडतानाचं वजन, वर्षाचं वजन, मुलींचं दूध, मांसातली चरबीची जाळी, पाठीवरच्या ‘रिबआय’ स्नायूचं क्षेत्रफळ. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती भरवशाचा, हे सांगणारा दशांश. हे आकडे वळूचे स्वतःचे नाहीत, त्याच्या वासरांकडून काय अपेक्षा धरावी याचे आहेत. दूध तोडतानाच्या वजनापुढे एका वळूला 80 आणि दुसऱ्याला 60 असेल, तर सारख्याच गाईंवर सोडल्यास पहिल्याची वासरं सरासरीनं 20 पौंड, म्हणजे नऊ किलो, जड भरतील, एवढाच त्याचा अर्थ.

आता पशुपालकाच्या बाजूनं हिशेब मांडू. नेब्रास्कातला एखादा शेतकरी एका वळूमागे पंचवीस गायी ठेवतो. चार वर्षांत त्याला त्या वळूची नव्वदेक वासरं मिळतील. प्रत्येकी 20 पौंड धरले तर 1800 पौंड जास्तीचं वजन. वासराचा भाव पौंडाला तीन डॉलर असला तरी वाढीव पौंडाला तीन मिळत नाहीत, कारण जड वासराला दर पौंडामागे भाव कमी. दोन डॉलर धरू. झाले 3600 डॉलर. मागे ठेवलेल्या कालवडींतून पुढच्या पिढीत काही उतरेल, एखादं वासरू अडून मरायचं वाचेल, म्हातारा झाल्यावर मोडीत वळूचे दोन हजारांच्या वर येतील. या सगळ्याची बेरीज वजाबाकी करून शहाणा माणूस चांगल्या वळूला साध्या वळूपेक्षा काही हजार डॉलर जास्त मोजतो, त्यापुढे जात नाही. एक चांगला वळू म्हणजे पाच विक्रीयोग्य वासरांची किंमत, असा तिकडचा जुना ठोकताळा आहे, आणि तो या हिशेबाच्या फार लांब नाही.

मग फेब्रुवारी 2019 मध्ये नॉर्थ डकोटातल्या शाफ अँगस व्हॅलीच्या लिलावात ‘एसएव्ही अमेरिका 8018’ नावाचा वळू 15 लाख 10 हजार डॉलरला गेला तो कसा? पंचवीस गायी सांभाळून हे पैसे सात जन्मांत फिटणार नाहीत.

इथे दुसरं गणित सुरू होतं. वळूचं रेत पातळ करून पेंढ्याच्या काडीएवढ्या नळकांड्यांत भरतात, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. एका वेळच्या रेतात तीनेकशे कांड्या होतात असं धरलं, आठवड्याला दोन वेळा, तर वर्षाला तीस हजारांच्या जवळपास. कांडीला 25 डॉलर मिळाले, तर 15 लाख वसूल व्हायला साठ हजारांवर कांड्या विकल्या पाहिजेत. म्हणजे दोन वर्षं एकही खेप न चुकता. शिवाय यात रेतन केंद्राचा वाटा, जाहिरात, विमा आणि वळूचा पाय मुरगळण्याची भीती धरलेलीच नाही. अशक्य नाही, पण सरळही नाही. आणि ग्राहक कोण? अमेरिकेतल्या मांसाच्या बहुतेक गायी आजही वळूनंच भरतात, माळावर पसरलेल्या गायींचा माज बघत कुणी हिंडत नाही. तेव्हा महाग कांडी घेणारा बहुतेक वेळा दुसरा पैदासकारच असतो. त्याला त्या कांडीतून वासरू नको असतं, विकायला वळू हवा असतो.

या धंद्याची खरी अडचण हीच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. इथे माल विकला की त्याबरोबर मालाचा कारखानाही जातो. पंचवीस डॉलरची कांडी घेणाऱ्याच्या गोठ्यात वर्षभरानं त्या पंधरा लाखांच्या वळूचा मुलगा उभा असतो, आणि आकडे चांगले निघाले तर तो बापाचा प्रतिस्पर्धी ठरतो. पैदास जितकी चांगली, तितका बाप लवकर जुना. तीन-चार वर्षांत नाव मागे पडतं. इतर कुठल्या धंद्यात मालमत्तेला स्वतःच्याच पोरांकडून इतक्या लवकर घसारा लागत असेल, असं वाटत नाही.

कोंबड्यांच्या धंद्यात हे भोक बुजवलेलं आहे. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा ‘व्हेनकॉब’ ब्रॉयलर पाळणाऱ्या शेतकऱ्याला माहीत असतं की त्या पक्ष्यांची अंडी उबवून पुढची तुकडी काढण्यात अर्थ नाही. तो पक्षी तीन-चार वेगळ्या वाणांचा संकर असतो, त्याच्या पिलांत गुण विखुरतात. मूळ वाण कंपनीच्या कुलपात. शेतकरी दर खेपेला पिलं विकत घेतो, बाजरीच्या संकरित बियाण्यासारखी. म्हणून जगातला ब्रॉयलरचा वाण दोन-तीन कंपन्यांच्या हातात आहे, आणि कोंबड्याचा लिलाव कुणी ऐकलेला नाही. गुरांत एका पिढीला चार-पाच वर्षं लागतात, एका वेताला एकच वासरू, त्यामुळे वाण वेगळे ठेवून त्यांचे ठरावीक संकर बाजारात आणणं परवडत नाही. परिणामी पैदास हजारो कुटुंबांत विखुरलेली राहिली आणि किंमत ठरवायला लिलावाशिवाय साधन उरलं नाही.

पैदासकारांना ही गळती ठाऊक नव्हती असं नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकन अँगस असोसिएशन कृत्रिम रेतनाच्या वासरांची नोंदणी वळूच्या मालकांपुरतीच करून घेत असे. तंत्र हाताशी होतं, पण नकला काढायला परवानगी नव्हती, कारण नकला वाढल्या की शेजाऱ्याच्या वळूचा भाव पडणार. नियम सुटला आणि निवडीचा वेग वाढला. हरले ते मधल्या फळीतले पैदासकार.

वरचे लोक एकमेकांकडूनच खरेदी करत असतील, तर भाव कुठवर जाईल याला आतून लगाम राहत नाही. हे काही गाव जमा झाल्यावर लिहिल्या जाणाऱ्या आहेरापेक्षा वेगळं नाही: मी तुझ्या लिलावात पन्नास हजार बोललो, आता तू माझ्या लिलावात ये. दोघांच्याही पुस्तिकेत मोठी सरासरी छापून येते. पैसा वरच्या वर फिरतो, खालून येत नाही.

याचा सगळ्यात देखणा नमुना दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. शॉर्टहॉर्न ही इंग्लंडच्या ईशान्येकडची जात. चार्ल्स कॉलिंगनं 1810 मध्ये आपला कळप मोडला, तेव्हा ‘कॉमेट’ नावाचा वळू एक हजार गिनींना गेला. घेणारे चौघं होते, म्हणजे हिश्शांची गाय ही ब्राझीलची कल्पना नव्हे. कॉलिंगच्याच कळपातली ‘डचेस’ नावाची गाय थॉमस बेट्स या माणसानं 1804 मध्ये घेतली होती आणि पुढे आयुष्यभर तिचं घराणं राखलं, बरंचसं घरातल्या घरात फळवून. डचेस घराण्याच्या गायी सुरेख होत्या आणि नीट गाभण राहत नव्हत्या. जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा हा सरळ परिणाम, पण बाजारानं त्याचा अर्थ उलटा लावला. वासरं कमी म्हणून दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून मोलाच्या. जनावराची खोटच त्याची किंमत झाली.

10 सप्टेंबर 1873 ला न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूयॉर्क मिल्स इथे या घराण्याचा लिलाव झाला. 109 जनावरांचे सुमारे 3 लाख 80 हजार डॉलर आले. इंग्रज आणि अमेरिकन श्रीमंतांची चुरस लागली आणि ‘आठवी डचेस ऑफ जिनिव्हा’ नावाची एक गाय 40,600 डॉलरला गेली. आजच्या पैशात हे दहा लाख डॉलरच्या आसपास होतात. कांडी नव्हती, भ्रूण नव्हते. वर्षाला एक वासरू, तेही झालं तर. या भावाला खालून काडीचा आधार नव्हता. ही गाय कधीतरी आणखी कुणी याहून जास्तीला घेईल, एवढ्यावर सगळं उभं. आठच दिवसांनी, 18 सप्टेंबरला, जे कुक यांची पेढी बुडाली आणि अमेरिकेत मंदी सुरू झाली. डचेसच्या भावांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. मला त्या खरेदीदारांचा वेडेपणा फारसा वाटत नाही. त्यांना जनावराचे गुण मोजायचं साधनच नव्हतं, वंशावळीचा कागद हेच एक माप होतं, आणि कागदावर भाळायला श्रीमंती लागते.

माप नसलं की डोळा राज्य करतो, आणि डोळ्याला फॅशनची बाधा होते. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या प्रदर्शनांत आखूड पायांची, बुटकी, गुटगुटीत हेरफर्ड आणि अँगस जनावरं बक्षिसं मारत होती. पुढच्या दशकात कळपांत खुजी, फुगल्या पोटाची, जगू न शकणारी वासरं दिसायला लागली. बुटकेपणाचा एक सुप्त दोष होता. एकेरी असला तर जनावर पंचांना आवडेल असं ठेंगणं दिसायचं, आई-बाप दोघांकडून आला तर वासरू खुजं. बक्षिसं देऊन देऊन पंचांनी तो दोषच पसरवला होता. मग वंशावळ्या तपासून घराण्यांवर शिक्के बसले आणि नामांकित कळप कसायाच्या भावानं गेले. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला: 1970 आणि 80 च्या दशकात उंचच उंच जनावरांचं वेड.

त्याच काळात या धंद्यात असे लोक शिरले ज्यांनी गाय जवळून बघितलेली नव्हती. अमेरिकेच्या आयकरात पैदाशीच्या जनावरावर घसारा मिळतो, चाऱ्याचा खर्च त्याच वर्षी वजा होतो, आणि घरच्या कळपातलं जनावर दोन वर्षं सांभाळून विकलं तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कमी कर. न्यूयॉर्कच्या डॉक्टर-वकिलांना गायी विकून त्या त्यांच्या वतीनं सांभाळणारी ‘ब्लॅक वॉच फार्म्स’ नावाची कंपनी अशीच वाढली आणि 1970 मध्ये बुडाली. 1986 च्या करसुधारणेनं, ज्या धंद्यात आपण स्वतः राबत नाही त्याचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करायची वाट बरीचशी बंद केली. कर वाचवायला घेतलेल्या गायी बाजारात परत आल्या, अर्थातच पडत्या भावात.

मग मापं आली, म्हणून धोका गेला का? 1990 मध्ये जन्मलेला ‘जीएआर प्रिसिजन 1680’ हा अँगस वळू घ्या. मांसातल्या चरबीच्या जाळीसाठी त्याचे आकडे उत्तम होते, त्यामुळे त्याच्या कांड्या वारेमाप वापरल्या गेल्या. 2008 मध्ये काही कळपांत मेलेली, पाठ वाकडी झालेली, पाय आखडलेली वासरं जन्माला यायला लागली. इलिनॉय विद्यापीठातले जॉनथन बीव्हर आणि नेब्रास्का विद्यापीठातले डेव्हिड स्टेफन यांनी हा सुप्त जनुकीय दोष असल्याचं आणि त्याची वाट याच वळूपाशी येऊन मिळत असल्याचं दाखवलं. तोवर त्याचे नातू-पणतू देशभर पसरले होते. चाचणी लवकर तयार झाली, आणि चाचणीत दोषवाहक निघालेली कालवड संध्याकाळपर्यंत हजारो डॉलरवरून खाटकाच्या भावावर आली. चाचणीआधी ती जितकी चांगली होती तितकीच नंतरही होती, आणि निर्दोष वळूशी फळवली असती तर तिला एकही वाकडं वासरू झालं नसतं. पण पैदाशीच्या जनावराची किंमत पुढच्या खरेदीदाराच्या डोक्यात असते. एकाच बापाच्या लाखभर नकला काढणाऱ्या व्यवस्थेत हा धोका अंगभूत आहे. गुण ज्या वेगानं पसरतो त्याच वेगानं दोषही.

2009 मध्ये गाईचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो होता माँटाना राज्यातल्या माइल्स सिटीच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गाईचा. त्यानंतर चार-दोन हजार रुपयांच्या चाचणीत, कानाच्या टवक्यावरून, दुधपित्या वासराबद्दल इतकं कळायला लागलं, जितकं कळायला पूर्वी त्याच्या दहा-वीस वासरांच्या नोंदी लागत. पैदासशास्त्रात प्रगतीचं गणित जुनंच आहे: निवड किती कडक, अंदाज किती अचूक, कळपात गुणांचा फरक किती, आणि या सगळ्याला भागायचं दोन पिढ्यांमधल्या वर्षांनी. जनुकचाचणीनं अंदाज सुधारलाच, शिवाय भागाकारातली वर्षं कमी केली. वळू सिद्ध व्हायची वाट पाहायची गरज उरली नाही, त्यामुळे सिद्ध झालेल्या वळूची सद्दी आणखी आखूड झाली. पंधरा लाखांचा वळू घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही बातमी वाईट आहे, गोमांस खाणाऱ्याच्या दृष्टीनं चांगली.

किती चांगली, ते अमेरिकेच्या गुरांच्या मोजणीत दिसतं. 1975 मध्ये तिथे 13 कोटी 20 लाख गुरं होती. 2025 च्या सुरुवातीला 8 कोटी 67 लाख उरली होती, 1951 नंतर सर्वांत कमी. मांसाचं उत्पादन मात्र घटलं नाही, तेव्हापेक्षा काहीसं जास्तच आहे. याचं सगळं श्रेय रक्ताला देता येणार नाही, त्यात खुराक आहे, संप्रेरकं आहेत, जास्त दिवस चारणं आहे. पण रक्ताचा वाटा मोठा आहे. प्रतही सुधारली. ‘प्राइम’ या सर्वोच्च प्रतीत बसणारं मांस शतकाच्या सुरुवातीला शेकडा तीन-चार होतं, आता दहाच्या जवळ पोचलं आहे.

यात कुणाला काय मिळालं? ग्राहकाला चांगलं मांस मिळालं. मांस-कंपन्यांना एका कत्तलीत जास्त किलो मिळाले, म्हणजे मजुरी तीच आणि माल जास्त. ज्याच्या गायी माळावर चरतात त्याला जड वासरू मिळालं, आणि त्याबरोबर वजनदार आईही. गाय 1970 च्या दशकात हजार पौंडांची होती, ती साडेतेराशेच्या घरात गेली. वासरू विकून झाल्यावरही ती वर्षभर खात राहते, आणि त्याच कुरणावर पूर्वीपेक्षा कमी गायी बसतात. लिलावाच्या पुस्तिकेत वासराचं वजन ठळक छापतात. गाईच्या वाढलेल्या चाऱ्याचा रकाना कित्येक वर्षं नव्हता, आता आला आहे, पण खरेदीदाराची नजर अजून पहिल्या रकान्यावरच असते.

गेल्या सात-आठ वर्षांत मात्र या धंद्याला एक ग्राहक असा सापडला, ज्याला वळू नको, वंशावळ नको, आणि जो कधीच प्रतिस्पर्धी होणार नाही: दुधाचा गोठेवाला. लिंगनिश्चित रेत आल्यापासून अमेरिकेतला दूध उत्पादक पुढच्या कालवडी आपल्या निवडक गाईंतून काढतो. उरलेल्यांना पूर्वी होल्स्टीनचंच रेत जाई आणि होणारा गोऱ्हा जवळजवळ फुकट द्यावा लागे. आता त्या गाईंना अँगसची कांडी भरतात. होणारं काळं संकरित वासरू एक-दोन दिवसांचं असताना अलीकडच्या तेजीत हजार डॉलरपर्यंत गेलं. बीफ जातींच्या रेतकांड्यांची अमेरिकेतली विक्री 2017 मध्ये पंचवीस लाखांच्या आसपास होती, 2023 पर्यंत ती नव्वद लाखांच्या पुढे गेली, आणि वाढ जवळजवळ सगळी या गोठ्यांतली.

ही वासरं जवळजवळ सगळीच खाटकाकडे जातात, त्यांतलं क्वचितच एखादं पैदाशीला राहतं. म्हणजे दर वेताला नवी कांडी घेणं आलं, व्हेनकॉबच्या पिलांसारखं. गळती बंद झाली. त्याचा फायदा मात्र लाखांच्या बोली लावणाऱ्यांना फारसा मिळालेला नाही. गोठेवाल्याला गाय पहिल्या खेपेला गाभण राहायला हवी, वासरू अडू नये आणि काळं निपजावं. त्याला बापाच्या पणज्याशी काही देणंघेणं नाही. हे गुण स्वस्तात, भरवशानं आणि हजारो कांड्यांच्या हिशेबात पुरवणं मोठ्या रेतन कंपन्यांना जमतं. त्यांतल्या काही तर दोन-तीन वळूंचं रेत एकत्र करून एकाच कांडीत भरून विकतात, कारण मिसळलेल्या रेतानं गर्भधारणेची खात्री वाढते असा त्यांचा दावा आहे. वासराचा बाप नेमका कोणता, हे मग जनुकचाचणीशिवाय सांगता येत नाही, आणि ती करून घ्यायला कुणी जातही नाही.